सात रातींतली एक

पावसाळ्यात लोणावळ्याला मुक्काम केला की सकाळी हॉटेलच्या पोर्चमध्ये मावशी पंख झाडताना दिसतात. शेंदरी, हिरवे, मखमली तपकिरी पंख पाचोळ्याबरोबर सुपलीत जातात. त्या ढिगात मला फिकट हिरवा, लांब शेपटीचा एक पंख दिसला. याचा धनी जिवंत असताना कसा दिसतो ते पाहायचंच, असं ठरवून मी राजमाचीच्या बाजूच्या एका वाडीत गेले.

तिथला एक तरुण रानातल्या पतंगांची नोंद ठेवतो. दिवसभर आवणीला वाकून आलेला, तरी अंधार पडताच त्याने दोन बांबूंना पांढरी चादर ताणली आणि पुढे पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावला. अमावास्या जवळ होती. चांदणं असलं की पतंग कमी येतात.

आधी आली चिलटं, तुडतुडे, ढालकिडे. मग उंबराच्या पानांवर वाढणारे पिवळ्या-नारिंगी अंगाचे पतंग आले. कण्हेरीवरचा पतंग आला. हिरव्या संगमरवरावर गुलाबी छटा सांडावी तसे त्याचे पंख. ऐनावर कोष करणारा टसरही येऊन बसला. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या वर आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून अधिक, तरी कौतुक सगळं फुलपाखरांच्या वाट्याला. पतंग म्हणजे मळकट, हा समज त्या चादरीसमोर टिकत नाही. सगळे निशाचरही नसतात. काळ्या पंखांवर पारदर्शक ठिपके आणि पोटावर पिवळे पट्टे मिरवणारा एक पतंग भर दिवसा गांधीलमाशीच्या सोंगात हिंडतो. काही पतंग तर वटवाघूळ जवळ आलं की आपल्याला ऐकू न येणारा टिकटिकाट करतात. मी कडवट आहे, माझ्या वाटेला जाऊ नकोस, असा तो इशारा असतो.

मध्यरात्रीनंतर ती आली. चांद्रपतंगाची मादी. पंखांच्या वरच्या कडेला किरमिजी रेघ, प्रत्येक पंखावर एक डोळा, मागे पिळदार शेपट्या. या शेपट्या शोभेच्या नाहीत. उडताना त्या गरगरतात आणि वटवाघळाचा हल्ला अंगाऐवजी शेपटीवर जातो. अमेरिकेतल्या संशोधकांनी तिच्या तिकडच्या भाऊबंदांवर हे तपासून 2015 साली प्रसिद्ध केलं.

तो पोरगा हळूच म्हणाला, "ताई, हिचं आयुष्य सात रातींचं. तोंड असून खाता येत नाही."

खरं आहे. सुरवंट असताना शिमटीसारख्या झाडांचा पाला खाऊन जे साठवलं, त्यावरच पतंगाला आठवडाभर काढायचा असतो. मादी एका जागी बसून गंध सोडते. पिसांसारख्या मिशांचा नर तो गंध हुंगत फार लांबून येतो. जोडी जमणं, अंडी घालणं, सगळं सात रातींत.

"त्यातली एक आपण खाल्ली," असं म्हणून त्याने दिवा मालवला. अर्धा तास आम्ही अंधारात बसलो. ओल्या चादरीचा आणि तापलेल्या काचेवर करपलेल्या किड्यांचा वास तेवढा उरला होता. तो वास मला अजून आठवतो.

पतंग दिव्यावर भाळतो आणि जळून मरतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किड्यांचं उडणं वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं, तेव्हा वेगळंच दिसलं. रात्री जिकडे उजेड तिकडे आकाश, हे किड्यांच्या अंगात लाखो वर्षं मुरलेलं. म्हणून ते उजेडाकडे पाठ करून उडतात. दिवा शेजारी आला की वर कुठे आणि खाली कुठे हेच त्यांना कळेनासं होतं आणि ते त्याच्याभोवती अडकून पडतात. त्यात प्रेम कुठलं? वाट चुकलेल्या जिवाची ती तडफड असते. हे कळल्यापासून हॉटेलच्या पोर्चमधला तो ढीग मला फार मोठा वाटू लागला आहे.

उजाडायच्या आत त्याने चादर हलक्या हाताने झटकली आणि पतंग झुडपांत सोडले. उशीर झाला तर बुलबुल आणि दयाळ चादरीवरच न्याहारी उरकतात. त्याचा दिवा महिन्यातून एखाद्या रात्री लागतो आणि मध्येच मालवतोही. आपल्या बंगल्यांचे, रिसॉर्टांचे पांढरे झगझगीत दिवे पावसाळाभर रात्रभर जळतात. काजव्यांसाठी आपण याच रानात रांगा लावतो, त्यांचं जोडीदार शोधणंही याच उजेडाने बिघडतं.

मावळात तुमचं घर असेल किंवा तिथे मुक्कामाला जाणार असाल, तर जून ते सप्टेंबर एवढं करा: रात्री दहानंतर अंगणातले दिवे बंद ठेवा. अगदीच लागला तर पिवळा, मंद आणि जमिनीकडे वळवलेला दिवा लावा, आणि खिडकीचा पडदा ओढून घ्या.