तीन मुठी माती

शिवडीहून हार्बरची गाडी पकडली की कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड आणि पाचवे स्टेशन मस्जिद. सुकामेवा, मसाले, लग्नाची खरेदी यासाठी आपण सगळेच तिथे उतरतो. पण बंदराच्या बाजूला इंडियन सेलर्स होम नावाची एक इमारत आहे, तिकडे सहसा कोणी वळत नाही. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविक-खलाशांची नावे नोंदवहीत लिहिलेली आहेत. तिची जुळी प्रत चितगावला असते. ही नावे वाचू लागलो की अब्दुल, इब्राहिम, हसन, इस्माईल असे आपल्याच घरातले लोक भेटत जातात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमानांचे आणि दर्याचे नाते जुने आहे. इंग्रजांच्या काळात हिंदी नौदलाचे बरेचसे नाविक कोकणी मुसलमान होते. युद्ध सुरू झाले तेव्हा या नौदलात जेमतेम पावणेदोन हजार नाविक होते, ते संपेपर्यंत संख्या पंचवीस हजारांपुढे गेली. व्यापारी जहाजांवर तर विचारूच नका. सारंग, टंडेल, कसाब, आगवाला, तेलवाला, भंडारी या हुद्द्यांवर कोकणातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटत होत्या. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या चौथाईच्या आसपास यांचा पगार, आणि टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच.

माझे मरहूम नाना नौदलात होते. ते आराकानच्या मोहिमेत मोटर लाँचवर होते. आराकान म्हणजे ब्रह्मदेशाचा पश्चिम किनारा. 1944-45 मध्ये तिथल्या खाड्यांतून हिंदी नौदलाच्या छोट्या बोटी जपान्यांच्या रसद नेणाऱ्या होड्यांवर पाळत ठेवत आणि फौजा किनाऱ्याला उतरवत. नानांना बर्मा स्टार मिळाला होता, पण तो त्यांनी आम्हाला कधी आपणहून दाखवला नाही. लढाईची गोष्ट सांगा म्हटले की ते शिवडीच्या खाडीकडे बोट करायचे. "अशीच. तिवरं, चिखल आणि मच्छर." ओहोटीला बोट चिखलात बसायची भीती, भरतीला तिवरांच्या आडून गोळी यायची भीती. रात्री इंजिन बंद ठेवून गप्प राहायचे. खोकला आला तर तोंडात टॉवेल कोंबायचा. पंजाबातून आलेली पोरे चिखलाला घाबरत, त्यात आम्ही कोकणातले बरे, असे सांगताना तेवढे ते हसत.

त्यांच्या बोटीवर शेजारच्या गावचा एक मुलगा होता. तो गोळीने गेला. किनारा शत्रूच्या ताब्यात, म्हणून बोट बाहेर समुद्रात आल्यावर त्याला कॅनव्हासमध्ये शिवून, वजन बांधून पाण्यात सोडले. किनारा गाठणे शक्य नसेल तर शरीयतमध्ये अशा दफनाची सोय आहे, हे नानांना ठाऊक होते. बोटीवर मौलवी कुठला असणार! जनाजाची नमाज बावीस वर्षांच्या नानांनीच पढवली, मागे तिघेजण उभे होते.

युद्ध संपल्यावर नाना गावी गेले तेव्हा त्या मुलाच्या आईने एकच विचारले, माझ्या पोराला माती कोणी दिली? नाना म्हणाले, "मीच दिली. तीन मुठी."

ही हकिकत त्यांनी आम्हाला सांगितली तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरच्या पुढे होते. ती आई तर केव्हाच अल्लाहला प्यारी झाली होती. तोवर आजीलाही हे माहीत नव्हते.

असे का व्हावे? माणसे बोलत नाहीत हे एक. पण कोणी विचारत नाही, हेही तितकेच खरे. सप्टेंबर 1940 मध्ये 'सिटी ऑफ बेनारस' हे जहाज अटलांटिकमध्ये बुडवले गेले. इंग्लंडची नव्वद मुले त्यावर होती, त्यांतली 77 गेली. एक जीवनौका आठ दिवस भरकटत राहिली आणि मग सापडली. तीत 46 माणसे होती. त्यांतली सहा मुले आणि त्यांना सांभाळणारी मेरी कॉर्निश ही बाई जगाला ठाऊक आहे, त्यांच्यावर पुस्तके निघाली. त्याच नावेत तीसच्या आसपास हिंदी खलाशी होते. अर्ध्याहून जास्त नाव त्यांचीच, पण त्या आठ दिवसांत त्यांना काय वाटले ते लिहून घ्यायला कोणी आले नाही. इंग्रजांना दोष देणे सोपे आहे. आपल्या मोहल्ल्यात तरी कोण गेले होते वही घेऊन?

बायकांची बाजू तर याहून झाकलेली. जहाज बुडाल्याची खबर कंपनीकडून यायला महिने लागत, आणि कधी कधी खबर यायची ती 'बेपत्ता' एवढीच. मग ती बाई विधवा की सुहागन? इद्दत कधीपासून मोजायची? आपली कोकणी जमात शाफई, म्हणून गायबाना जनाजा पढता येतो. हनफी घरांत ते दारही बंद. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने फार दीर्घ काळ वाट पाहावी असे जुने हनफी मत होते. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली आणि त्यातून 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टातून निकाह सोडवून घेता येतो. कायदा मार्चमध्ये झाला आणि सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले. हा योगायोग किती बायकांच्या उपयोगी पडला असेल, याचा विचार मी निकाहनामे पाहताना नेहमी करते.

परत आलेल्यांना सरकारने काय दिले ते 1946 च्या फेब्रुवारीत दिसले. खडे असलेला भात, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, नोकरी सुटण्याची टांगती तलवार. 18 तारखेला 'तलवार'वरच्या नाविकांनी काम बंद केले आणि बंड जहाजाजहाजांवर पसरले. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. 22 तारखेला परळ-लालबागचे गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली. नाना तेव्हा कॅसल बॅरेक्समध्ये होते. या विषयावर ते आराकानपेक्षा जास्त मोकळेपणाने बोलत. त्यात दुःखापेक्षा रागच अधिक होता.

आता मुद्द्याचे. शिवडीपासून डोंगरीपर्यंत जुन्या चाळी रिकाम्या होत आहेत. घर बदलताना पहिली फेकली जाते ती पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. ती भंगारात देण्याआधी उघडून पाहा. खलाशाच्या नोकरीची नोंदपुस्तिका, जुन्या लोकांच्या तोंडी 'नली', तीत जहाजांची नावे आणि चढल्या-उतरल्याच्या तारखा मिळतात. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर मयतांची नावे शोधता येतात. इंग्रज कारकुनांनी आपल्या नावांचे जे काही केले आहे, त्यामुळे एकच नाव चार स्पेलिंगांनी टाकून पाहावे लागते. काही नोंदींत बापाचे नाव आणि गावही सापडते. नानांच्या साथीदाराचे नाव मला तिसऱ्या स्पेलिंगला सापडले. वय 19. त्याच्या पुतण्याचा होकार अजून यायचा आहे, म्हणून ते नाव इथे देत नाही.

आणि घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल, जहाजावरच्या माणसाची बायको, बहीण, मुलगी, तर तिला "युद्ध कसं होतं?" असे विचारू नका. त्याला उत्तर येत नाही. मनीऑर्डर किती यायची, पत्र कोण वाचून दाखवायचे, ते आले तेव्हा अंगावर काय होते, असे विचारा. माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीने दादीला एवढेच विचारले, की दादाजान जहाजावर काय खायचे. दादी दोन तास बोलत होती.