माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या मुलाखती आणि नांदेड-लातूरचे उमेदवार : एक विवेचन

प्रस्तावना :
नांदेडजवळील विष्णुपुरी येथे १९८१ साली श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना होऊन नांदेड, लातूर व परभणी परिसरातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. पुढील काळात येथील संगणकशास्त्राच्या पदवीधरांना पुणे, हैदराबाद व बंगळुरू येथील मोठ्या कंपन्यांचा मार्ग खुला झाला. तथापि पदवी आणि नियुक्तिपत्र यांच्यामध्ये मुलाखत उभी असते, आणि चांगल्या गुणांचे अनेक विद्यार्थी नेमके तेथेच अडतात. असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात माजी विद्यार्थ्यांशी वेळोवेळी झालेल्या संभाषणांच्या आधारे केला आहे. हे सर्वेक्षण नव्हे, हे आरंभीच नमूद करणे उचित होय.

मुलाखतीचे बदलते स्वरूप :
२००० नंतरच्या दशकात भारतीय कंपन्यांच्या निवडप्रक्रियेत लेखी चाचणी, गटचर्चा, तांत्रिक मुलाखत व मनुष्यबळ विभागाची मुलाखत असे टप्पे रूढ होते. इन्फोसिसच्या लेखी चाचणीसाठी शकुंतलादेवींची कोड्यांची पुस्तके वाचावीत, हा सल्ला त्या काळात वसतिगृहांतून सर्रास दिला जाई. कोड्यांची ही आवड केवळ आपल्याकडची नव्हती. मायक्रोसॉफ्ट व गूगल या कंपन्यांचे असे प्रश्न जगभर चर्चिले गेले. मात्र गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत, विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील अशा प्रश्नांतून उमेदवाराच्या भावी कामाविषयी काहीच समजत नाही, अशी स्पष्ट कबुली दिली. शिकून काही वर्षे झालेल्या उमेदवारांच्या बाबतीत परीक्षेतील गुणही फारसे उपयोगी ठरत नाहीत, असेही त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे मात्र दहावी, बारावी व पदवी या तिन्ही टप्प्यांवर साठ टक्क्यांची अट आजही अनेक कॅम्पस मुलाखतींच्या सूचनांत आढळते.

आता भर आहे तो उमेदवारासमोर प्रत्यक्ष समस्या ठेवण्यावर. अन्य विद्याशाखांच्या प्राध्यापकांसाठी एक उदाहरण देतो. दहा हजार संख्यांची यादी दिली असता, ज्यांची बेरीज ठरावीक येते अशा दोन संख्या शोधावयाच्या आहेत. प्रत्येक जोडी तपासल्यास सुमारे पाच कोटी जोड्या होतात. त्याऐवजी वाचलेली प्रत्येक संख्या जणू नोंदवहीत टिपत गेलो आणि बेरजेला कमी पडणारी संख्या आधी नोंदली आहे काय, एवढेच पाहिले, तर यादी एकदाच वाचावी लागते. आपल्या विद्यार्थ्यांना ही दुसरी रीत पुष्कळदा ठाऊक असते. परंतु मुलाखत घेणाऱ्यास केवळ उत्तर नको असते. उमेदवाराने पहिली रीत सांगावी, तिचा दोष स्वतः ओळखावा, संख्या पुन्हा आल्यास काय करावे ते विचारावे आणि हे सर्व बोलत बोलत करावे, अशी अपेक्षा असते. गूगलसारख्या कंपनीत मुलाखतकार आपली निरीक्षणे लिहून देतो आणि निर्णय स्वतंत्र समिती घेते. साहजिकच जे उच्चारले गेले नाही, ते समितीपर्यंत पोहोचत नाही.

मौनाचा प्रश्न :
माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. लातूरच्या राजर्षी शाहू व दयानंद महाविद्यालयांच्या नावाशी जोडला गेलेला ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे अखंड सराव, वारंवार चाचण्या आणि अचूक उत्तर. त्या शिस्तीने असंख्य सामान्य कुटुंबांतील मुले डॉक्टर-अभियंता झाली, तिचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण ती शिस्त मुकाट्याने, कागदावर विचार करावयास शिकवते. उत्तर पक्के होईपर्यंत बोलू नये, हा तिचा अलिखित नियम.

एका माजी विद्यार्थ्याने सांगितलेला अनुभव या दृष्टीने बोलका आहे. प्रश्न कळताच तो चार-पाच मिनिटे स्तब्ध बसला. मनातल्या मनात त्याने उत्तर मराठीत मांडले, मग त्याचे इंग्रजी करू लागला. तोवर समोरच्या व्यक्तीने प्रश्न बदलला. “सर, मला येत होतं, पण त्यांना वाटलं मी अडलो,” असे तो म्हणाला. वर्गात वडीलधाऱ्यांना मध्येच प्रश्न न विचारण्याचा संस्कारही येथे आड येतो. मुलाखतकाराला उलट प्रश्न करणे म्हणजे उद्धटपणा, असे आपल्या अनेक विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, मनापासून वाटते.

साधनांची विषमता आहेच. पूर्वी रात्रीच्या बसने पुणे गाठून सकाळी मुलाखतीस बसावे लागे. २०२० नंतर मुलाखती मोठ्या प्रमाणात ऑनलाइन झाल्या. प्रवास वाचला, पण वीज आणि इंटरनेटच्या भरवशासाठी गावातून शहरातील नातेवाइकांकडे जाणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

अध्यापकांची भूमिका :
बोलत विचार करण्याची सवय लावण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण संस्थेची गरज नाही. आपल्या अभ्यासक्रमात मौखिक परीक्षा आहे. ती पाच मिनिटांत तीन व्याख्या विचारून उरकली जाते, यात दोष आपलाच. त्याच वेळात एकच प्रश्न देऊन विद्यार्थ्यास फळ्याजवळ उभे करता येईल. मी हा प्रयोग प्रात्यक्षिकाच्या तासाला करतो. पहिली फेरी मराठीत, दुसरी इंग्रजीत, आणि चुकीच्या वाटेला गेल्यास गुण कापायचे नाहीत, एवढेच त्याचे नियम. सुरुवातीच्या दोन तासांत फळ्याकडे यावयास कोणीही तयार नव्हते. तिसऱ्या तासाला एक विद्यार्थिनी आली, अर्ध्या वाटेवर थांबली आणि म्हणाली, “सर, हे चुकलं वाटतं. परत सुरू करू का?”