ऐतिहासिक मालिकांतील मराठी पक्वान्ने

शिवकाल व पेशवाई यांवरील मराठी नाटके, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांत सणासमारंभाच्या व पंगतीच्या प्रसंगी गोड पदार्थ दाखवले जातात. त्यांतील काही त्या काळाला धरून असतात, तर काही पुष्कळ नंतरचे असतात. प्रेक्षक, विशेषतः विद्यार्थी, पडद्यावरचे ताट इतिहास म्हणूनच पाहतात. पदार्थ कालोचित आहे की नाही, हे ठरवताना नावापेक्षा त्यातील जिन्नस तपासणे अधिक उपयुक्त ठरते.

ग्रंथांतील आधार

यासंबंधीचा एक महत्त्वाचा आधार सोलापूरच्या शेजारचाच आहे. कल्याणीचा (आजचे बसवकल्याण, जिल्हा बीदर) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. सोलापूरचा परिसर तेव्हा याच राजवटीत होता. ग्रंथातील ‘अन्नभोग’ प्रकरणात हरभऱ्याच्या डाळीचे सारण कणकेत गुंडाळून केलेली ‘वेष्टिका’ येते. ती पुरणपोळीची पूर्वज मानली जाते. दूध नासवून काढलेल्या चोथ्यात तांदळाचे पीठ मिसळून, गोळे तळून ते साखरेच्या पाकात घालण्याची कृतीही तेथे आहे. नासवलेल्या दुधाची मिठाई केवळ बंगालची, या समजाला त्यामुळे छेद जातो.

सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथात जिलबी ‘कुंडलिका’ या नावाने आढळते. म्हणजे शिवकालीन ताटात जिलबी असण्यास हरकत नाही. तिचा भडक नारिंगी रंग मात्र खटकतो. कृत्रिम रंगांचा शोधच 1856 मधला आहे. केशराची छटा शोभली असती.

कालविसंगतीची उदाहरणे

कोलकात्याचा आजच्या स्वरूपातील रसगुल्ला 1868 च्या सुमाराचा मानला जातो. पेशवाई त्याआधी पन्नास वर्षे, 1818 मध्ये संपली होती. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला.

सोलापूरची शेंगापोळी हे यातील मौजेचे उदाहरण आहे. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट व गूळ यांचे सारण भरलेली ही पोळी बरेच दिवस टिकते आणि शेजारच्या उत्तर कर्नाटकातही ‘शेंगा होळिगे’ म्हणून केली जाते. सारण भरून लाटण्याची रीत जुनी असली, तरी भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्यामुळे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या बाराव्या शतकातील चरित्रावर प्रसंग रचताना शेंगापोळी वाढता येणार नाही. तीळ या भूमीत प्राचीन असल्याने तिळगुळाची पोळी चालेल.