अ‍ॅल्युमिनियमवरची अदृश्य साय

अंबड तालुक्यातल्या एखाद्या मोसंबीच्या बागेत ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर बंद पडते. वायरमन येतो आणि आधी तारेच्या सांध्याकडे पाहतो. पुष्कळदा तो तापून काळा पडलेला असतो. वायरमन सांधा सोडवतो, अ‍ॅल्युमिनियमची तार खरवडून लख्ख करतो आणि लगेच आवळतो. ‘लगेच’ या शब्दात सारे मर्म आहे. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्षणार्धात ऑक्साइडची साय धरते. घरातल्या जर्मनच्या भगुण्याला हीच साय राखते. सांध्यात मात्र ती वीज अडवते. जाडी म्हणाल तर दोन-चार नॅनोमीटर. माणसाचा केस तिच्या निदान दहा हजार पट जाड!

एवढी पातळ साय पाहायची कशी? १९८१ मध्ये झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप तयार केला. १९८६ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांना वाटा मिळाला. नाव सूक्ष्मदर्शकाचे, पण यात भिंग नाही. अणकुचीदार सुई पृष्ठभागावरून, त्याला न टेकवता, फिरवायची. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन पलीकडे निसटतात. भिंत ओलांडण्याचे बळ नसताना भिंतीतूनच पार होण्यासारखा हा प्रकार. त्यालाच टनेलिंग म्हणतात. फट नॅनोमीटरच्या दहाव्या भागाने वाढली तरी प्रवाह सुमारे दहापट घटतो. म्हणून एकेका अणूचा उंचवटाही कळतो.

पण इथेच पंचाईत होते. उपकरण चालते प्रवाहावर, आणि साय तर प्रवाह अडवणारी! थर जाड असला की प्रवाह शोधत सुई पुढे सरकते आणि थरावर आपटते. थर दोन-तीन अणूंचाच असेल तर मात्र इलेक्ट्रॉन त्यातूनही खालच्या धातूपर्यंत पोचतात.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियमवरच्या सायीत अणूंना शिस्त नसते. म्हणून संशोधकांनी निकेल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा स्फटिक घेतला. त्यावर अर्ध्या नॅनोमीटरचा सुबक थर बसतो. तरी त्याची रचना वर्षानुवर्षे उलगडेना. २००५ मध्ये व्हिएन्नातील गटाने सुईची चित्रे आणि संगणकावरचे गणित यांची सांगड घालून ती मांडली. पाठ्यपुस्तकातल्या ऑक्साइडमध्ये दहा अ‍ॅल्युमिनियममागे पंधरा ऑक्सिजन असतात. इथे निघाले तेरा. म्हणजे पातळ थर हा जाड थराचा नुसता काप नव्हे, तो वेगळाच पदार्थ आहे! मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. संगणकाच्या चिपवाल्यांनाही पातळपणाची किंमत मोजावी लागली. त्यांचा सिलिकॉन ऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरवर आला तेव्हा त्यातून वीज गळू लागली, आणि २००७ पासून हॅफ्नियमयुक्त थर वापरात आला.

वायरमन जी साय खरवडून टाकतो, तशी प्रयोगशाळेत मुद्दाम धरवतातही. उघड्या धातूवर ठेवलेल्या रेणूचे इलेक्ट्रॉन धातूच्या इलेक्ट्रॉनांत मिसळून जातात आणि त्याचे मूळ रूप दिसत नाही. २००५ मध्येच झुरिचच्या प्रयोगशाळेत तांब्यावर दोन अणूंच्या जाडीचा मिठाचा थर दिला गेला. हो, आपल्या भाजीतलेच मीठ! त्यावर पेंटासीनचा एक रेणू ठेवला. सुई फिरली, आणि त्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचे ढग, पुस्तकात काढतात तसे, पडद्यावर उमटले.