हैदराबाद संस्थानाचा जमाखर्च आणि आजचे विकसनशील देश

गरीब देश श्रीमंत कसा होतो, अशी चर्चा निघाली की कोरिया, सिंगापूर, चीन ही नावे पुढे येतात. आम्हा बँकेत हयात घालवलेल्या मंडळींना वाटते की हैदराबादकरांनी इतक्या लांब जायची गरज नाही. जुन्या हैदराबाद संस्थानाचा जमाखर्च उघडून बसले तरी पुष्कळ कळते. आपल्यापैकी कित्येकांची मुळे मराठवाड्यात, काहींची वऱ्हाडात. म्हणजे तो जमाखर्च आपल्या घरचाच.

सुरुवात कर्जापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजाम सरकारवर मोठा बोजा होता तो 'हैदराबाद कंटिन्जंट' फौजेचा. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. कारभार पाहणारे राजा चंदूलाल हा खर्च कर्ज काढून भागवत. 1814 च्या सुमारास रेसिडेन्सीच्या आश्रयाने विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी निघाली. व्याज सालीना 25 टक्क्यांच्या घरात, आणि तारण म्हणून जिल्ह्यांचा महसूल! विहीर खणायला घेतलेले कर्ज आणि पगार वाटायला घेतलेले कर्ज यांत फरक असतो, हे आमच्या शाखेतला नवा क्लार्कसुद्धा सांगेल. पहिल्यातून पाणी लागते, पीक येते, हप्ता फिटतो. दुसरे महिनाअखेरीस संपते आणि व्याज तेवढे उरते. 1823 मध्ये पामरचे देणे मिटवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीकडून उत्तर सरकारांबद्दल दरसाल मिळणाऱ्या सुमारे 7 लाख रुपयांवर निजामाला कायमचे पाणी सोडावे लागले. तरी सवय गेली नाही. पुढे पेस्तनजी मेहेरजी ह्या पारशी पेढीकडे वऱ्हाडातली वसुली तारण पडली.

अखेर कंटिन्जंटच्या पगाराची थकबाकी 40 लाखांच्या वर गेली आणि मे 1853 मध्ये डलहौसीने तह करून वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब ताब्यात घेतले. 1860 मध्ये बाकीचे परत आले, वऱ्हाड आले नाही. नेमके पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव, अमरावतीच्या बाजारपेठा फुलल्या, पण त्या मुलखाचा कारभार आता हैदराबादच्या हाती नव्हता. 1902 मध्ये कर्झनने वऱ्हाड वार्षिक 25 लाखांच्या खंडावर कायमचाच घेतला. इजिप्तचेही असेच झाले. कर्जापायी 1875 मध्ये सुएझ कालव्याचे शेअर विकावे लागले आणि 1882 मध्ये इंग्रज फौज आली. श्रीलंकेने 2017 मध्ये हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाड्याने दिले, तेव्हा आम्हा काही जणांना पहिल्यांदा वऱ्हाडच आठवले.

त्याच मे 1853 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी आधी ना कारखाना काढला ना रेल्वे. त्यांनी वसुली सरकारच्या हातात घेतली. तोपर्यंत तालुकदार हा बहुतेक ठिकाणी मक्तेदार असे. ठरलेली रक्कम सरकारात आगाऊ भरायची आणि मग रयतेकडून जमेल तेवढे काढायचे. पुढल्या वर्षी मक्ता दुसऱ्याला गेला तर? म्हणून यंदाच पिळून घ्यायचे. अशा ठिकाणी कोण शेतकरी विहीर खणेल? सालारजंगांनी मक्ते मोडून पगारी तालुकदार नेमले, जागोजागच्या टांकसाळी बंद करून हाली शिक्का एक केला आणि 1865 मध्ये जिलाबंदी करून संस्थानाचे जिल्हे पाडले. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची चौकट तेव्हाची. हिशेब लागला तशी सरकारची पत आली. 1874 मध्ये वाडी-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली. 1883 मध्ये हीच रेल्वे व्याजाच्या हमीवर लंडनच्या कंपनीकडे द्यायची ठरली. अटी काय आहेत असे जाहीर विचारणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या वडिलांना हद्दपार करण्यात आले. 1930 मध्ये संस्थानाने ती रेल्वे विकत घेतली.

पुढची नावे जुन्या हैदराबादकरांना पाठ आहेत. 1931 मध्ये निजामसागर पुरा झाला, त्याच्या पाण्यावर ऊस आणि उसावर बोधनचा साखर कारखाना. 1934 मध्ये वरंगळची आझमजाही मिल. अशा उद्योगांना भांडवल पुरवायला 1929 पासून सरकारी इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड होता. 1942 मध्ये गनफाउंड्रीला हैदराबाद स्टेट बँक उघडली, तीच पुढची एस.बी.एच. सिंचन, पीक, कारखाना, बँक ही साखळी आजच्या कोणत्याही विकास-योजनेत शोभावी अशी होती.

मग संस्थान जपान का झाले नाही? तुलना उगाच करत नाही. जपानची पहिली रेल्वे 1872 ची, आपल्या फक्त दोन वर्षे आधीची, तीही लंडनहून 9 टक्क्यांनी काढलेल्या कर्जातून. पण जपानने 1871 मध्ये सरदारांच्या जहागिरी मोडल्या, 1872 मध्ये प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, 1873 मध्ये जमिनीचा सारा रोखीत आणला आणि 1876 मध्ये सामुराईंचे तनखे रोखे देऊन संपवले. सालारजंगांची सुधारणा दिवाणी मुलखापुरती राहिली. संस्थानाचा सुमारे 40 टक्के भाग सर्फेखास आणि जहागिरींत होता. तिथे जहागीरदाराची वसुली, जहागीरदाराचा न्याय. शाळांचे तर विचारूच नका. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले ही अभिमानाची गोष्ट, पण 1951 च्या शिरगणतीत ह्या राज्यात शंभरात दहा माणसेही साक्षर नव्हती. मराठी मुलांसाठी 1907 मध्ये विवेकवर्धिनी निघाली ती केशवराव कोरटकरांसारख्यांच्या खटपटीने, सरकारी हुकमाने नव्हे.

म्हणून नुसते कारखान्यांचे आकडे दाखवून 'आम्ही प्रगती केली' म्हणणाऱ्या देशांवर आमचा फारसा विश्वास नाही. कारखान्याला गिऱ्हाईक लागते आणि वाचता येणारा कामगार लागतो. ज्या कुळाचे पीक खळ्यातूनच उचलले जाते त्याच्या हाती कापड घ्यायला पैसा येणार कुठून? कोरियाने 1950 च्या सुमारास आधी जमीन वाटली, शाळा उघडल्या आणि मग पोलाद गाळले. हैदराबादच्या जहागिरी ऑगस्ट 1949 मध्ये, पोलिस ॲक्शननंतर जवळजवळ वर्षभराने बरखास्त झाल्या. कूळ कायदा 1950 मध्ये आला.

ज्यांच्या घरी हाली शिक्क्यातली जुनी खतपत्रे, साऱ्याच्या पावत्या किंवा जहागिरीचे कागद असतील त्यांनी ते मंडळात जरूर दाखवावेत. मोडी वाचणारी एक-दोन मंडळी अजून आपल्यात आहेत.