अर्ध्या किलोचा हिशेब

पंक्चर म्हटलं की आपल्याला झाडाखालचं दुकान, पाण्याचं घमेलं आणि त्यात ट्यूबमधून निघणारे बुडबुडे आठवतात. ट्रायथलॉनमध्ये ही चैन नाही. पोहणं, सायकल आणि धावणं अशा या सलग शर्यतीत चाक बसलं, तर ते स्पर्धकानेच निस्तरायचं. रस्त्यावर उभ्या घरच्या माणसाने हात लावला, तर बाद होण्याची पाळी. म्हणून सीटखालच्या पिशवीत जादा ट्यूब, टायर उचकटायच्या पट्ट्या आणि कार्बन डायऑक्साइडचं बोटभर नळकांडं. सगळं मिळून अर्धा किलोही भरत नाही. तरी वजन वाचवायला तेही घरी ठेवणारे बहाद्दर असतात! बँकेत जन्म गेलेल्या मला हा राखीव रोकड न ठेवता तिजोरी उघडण्याचा प्रकार वाटतो.

हवाईतल्या कोना इथे २००८ साली आयर्नमनची जागतिक स्पर्धा झाली. १८० किलोमीटरच्या सायकल टप्प्यात आघाडीवरच्या ब्रिटिश क्रिसी वेलिंग्टनचं चाक बसलं. सामान होतं, पण भरताना गॅसच वाया गेला. नळकांडं क्षणात चाक फुगवतं, मात्र संधी एकदाच देतं. हातपंप घाम काढतो, पण संपत नाही. ती रस्त्याकडेला खोळंबली, मागच्या पुढे जाऊ लागल्या. त्यांतल्याच ऑस्ट्रेलियाच्या रिबेका कीटने जाताजाता आपलं एक नळकांडं तिच्याकडे टाकलं. स्पर्धकाने स्पर्धकाला केलेली ही मदत चालून गेली. चाक फुगलं, आणि वेलिंग्टनने शर्यत जिंकली.

कीटने उरलेला रस्ता एक नळकांडं कमी घेऊन कापला.