उन्हाची वीज आणि पोकळीची वाट

उन्हापासून वीज करणारी पॅनेले आता आपल्या खेड्यापाड्यांतून नवी राहिलेली नाहीत. शेतातल्या पंपाशेजारी, शाळेच्या छपरावर, रस्त्यावरच्या दिव्यावर ती दिसतात. ही बहुतेक सारी सिलिकॉनची. सिलिकॉनचे स्फटिक करायचे तर ते १,४०० अंशांच्या वर तापवून वितळवावे लागते. म्हणून शास्त्रज्ञ एका दुसऱ्या पदार्थाच्या मागे लागले आहेत. त्याचे नाव पेरोव्हस्काइट.

मूळचे पेरोव्हस्काइट हे १८३९ साली उरल पर्वतात सापडलेले एक खनिज. सौर घटात वापरतात ते मात्र प्रयोगशाळेत केलेले, बहुधा शिसे आणि आयोडीन यांचे संयुग. दोहोंतल्या अणूंची मांडणी एका धर्तीची, म्हणून नाव तेच. हा पदार्थ द्रावणातून रंगासारखा पसरता येतो आणि शंभर-दीडशे अंशांवर वाळवता येतो. थर तरी किती पातळ? माणसाच्या केसाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका!

आता या थरावर ऊन पडले म्हणजे काय होते? प्रकाशाच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो. जागा रिकामी झाली, की तिथे पोकळी उरते. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या पोकळीत येतो, मग त्याची जागा रिकामी होते. अशा रीतीने पोकळीच पुढे सरकते.

शिक्षकबंधूंना हे वर्गात सहज दाखवता येईल. जमिनीवर एका ओळीत ११ चौकटी आखा आणि १० मुले उभी करा. उजव्या टोकाची चौकट रिकामी ठेवा. तिच्या शेजारच्या मुलाने एक पाऊल उजवीकडे टाकावे, मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्याही मागच्याने. प्रत्येक मुलगा एकच पाऊल चालला, पण रिकामी चौकट मात्र थेट डाव्या टोकाला पोचली. घटातली पोकळी अशीच चालते.

वीज मिळवायची तर इलेक्ट्रॉन एका बाजूने आणि पोकळ्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढाव्या लागतात. दोघे पुन्हा एकमेकांना भेटले, की उन्हाची कमाई आतल्या आतच जिरून जाते. म्हणून पेरोव्हस्काइटच्या एका अंगाला पोकळ्या वाहून नेणारा थर देतात. त्याची कामे दोन. पोकळीला वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनला अडवायचे. शेतकरी बंधूंना पाटाचे उदाहरण पटेल. पाटाला उतार नसला तर पाणी तुंबते, आणि उतार फार दिला तर उंची वाया जाते. इथेही तसेच आहे. थराची ऊर्जापातळी पेरोव्हस्काइटशी नीट जुळली नाही, तर पोकळ्या अडखळतात किंवा विजेचा दाब उगाच कमी होतो.

या थराचे महत्त्व केवढे, ते इतिहासावरून कळते. २००९ साली जपानमध्ये मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिले पेरोव्हस्काइट घट प्रसिद्ध केले. त्यांची कार्यक्षमता ३.८ टक्के. पण पोकळ्या नेण्याचे काम एका द्रवाकडे होते, आणि त्या द्रवात पेरोव्हस्काइटच विरघळू लागे. २०१२ साली कोरियातील पार्क यांनी स्वित्झर्लंडच्या ग्रेट्सेल यांच्याबरोबर द्रवाऐवजी घन पदार्थ वापरला. कार्यक्षमता ९.७ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या स्नेथ यांच्या गटाने १०.९ टक्के गाठले. आज प्रयोगशाळेतले लहान घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.

त्या घन पदार्थाला थोडक्यात स्पायरो म्हणतात. तो महाग तर आहेच, शिवाय एकटा वीज नीट वाहत नाही. म्हणून त्यात लिथियमचे एक क्षार मिसळतात. आणि घोटाळा होतो तो इथेच! पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना? हे क्षारही तसेच हवेतला ओलावा ओढून घेते, आणि ओलावा हा तर पेरोव्हस्काइटचा शत्रू. गडद रंगाचा थर हळूहळू पिवळा पडतो आणि घट निकामी होतो. उन्हाळ्यात पॅनेल तापले, म्हणजे वरच्या सोन्याचे कणही या थरातून आत उतरू शकतात.

मग उपाय काय? एक म्हणजे खनिज द्रव्ये वापरणे. निकेल ऑक्साइड हे त्यांपैकी एक. कॉपर थायोसायनेट हे दुसरे, आणि ते स्वस्तही आहे. २०१७ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याचे घट ६० अंशांवर १,००० तास उजेडात ठेवले, तरी ९५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता टिकली. मात्र त्यासाठी कॉपर थायोसायनेट आणि सोने यांच्यामध्ये क्षपण केलेल्या ग्रॅफीन ऑक्साइडचा पातळ पडदा घालावा लागला. पडदा नसला तर घट लवकर उतरे. म्हणजे थर चांगला असून भागत नाही, शेजारही चांगला लागतो.

दुसरा उपाय अधिक नवा आहे. पृष्ठभागावर आपोआप ओळीने चिकटून उभे राहणारे रेणू घ्यायचे आणि एकाच रेणूच्या जाडीचा थर करायचा. द्रव्य नाममात्र लागते, आणि लिथियमचे क्षार मुळीच नको. असा थर वापरून बर्लिनच्या संशोधकांनी २०२० साली सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट बसवलेल्या जोडघटात २९.१५ टक्के कार्यक्षमता मिळवली.

हे सारे ऐकून कुणी विचारील, मग सिलिकॉनचे दिवस संपले काय? थोडा हिशेब करू. रोज ८ तास ऊन धरले, तर १,००० तास म्हणजे १२५ दिवस, जेमतेम एक उन्हाळा. सिलिकॉनच्या पॅनेलाची हमी बहुधा २५ वर्षांची असते, म्हणजे त्याच हिशेबाने ७३,००० तास. पंपासाठी कर्ज काढणाऱ्याला हे अंतर विसरून चालणार नाही. उद्या कुणी नव्या जातीचे पॅनेल दाराशी घेऊन आला, तर ते किती टक्के वीज देते हे जरूर विचारावे. पण उष्णतेत आणि दमटपणात त्याची परीक्षा झाली आहे काय, आणि किती वर्षांची हमी लेखी मिळते, हे त्याआधी विचारावे. शास्त्रज्ञांची आजची खटपटही याच प्रश्नाच्या उत्तरासाठी चालली आहे.